टाकी फुल्ल, गाडी उपाशी

साल दोन हजार अठरा. मला एकसष्टावं लागलं होतं, म्हणजे कागदावर. आमच्या गावच्या हेडमास्तरानं शाळेत आलेल्या सगळ्या पोरांना एकाच दिवशी जन्माला घातलं, एक जूनला. खरं विचाराल तर आई एवढंच सांगायची की ज्वारी काढणीला आली होती आणि मी ऐन वेळेला आडवा आलो. तेव्हापासून ऐन वेळेला बंद पडलेल्या वस्तू दुरुस्त करणं माझ्या नशिबाला लागलं ते लागलंच.

अहमदपुरात नांदेड रोडला माझं पत्र्याचं शेड आहे. लोक मला मारोती मिस्त्री म्हणतात. दिवाळी अंकवाले सर आले आणि म्हणाले, "मिस्त्री, धंद्यातले अनुभव लिहा." मी म्हणलो, "सर, मी चौथी शिकलेला, तीही दोनदा." ते म्हणाले, "बोलता तसं लिहा." बोलतो तसं लिहिलं तर तुमचा अंक लोकांना घरात ठेवता यायचा नाही. म्हणून थोडं धुऊन-पुसून लिहितो आहे. तरी कुठं ऑइल राहिलं असेल तर नाक मुरडू नका.

आधी जुन्या मोटरसायकलचं पोट समजून घ्या. नव्या गाड्यांचं मला विचारू नका. त्यात पंप असतो, कॉम्प्युटर असतो. ती बंद पडली की मिस्त्री कॉम्प्युटर जोडतो, कॉम्प्युटर काहीतरी आकडा दाखवतो, आणि मिस्त्री त्या आकड्याला नमस्कार करून पार्ट बदलतो. जुन्या गाडीत असली भानगड नाही. टाकी वर, इंजिन खाली. पेट्रोल आपल्या वजनानं उतरतं. टाकीखाली कॉक, कॉकाला बारीक जाळी, तिथून रबरी नळी, नळीतून कार्बोरेटरच्या वाटीत. वाटीत एक फ्लोट तरंगतो. वाटी भरली की तो दार लावतो, रिकामी झाली की उघडतो. वाटीतनं पेट्रोल जेट नावाच्या केसाएवढ्या भोकातून वर ओढलं जातं, हवेत मिसळतं आणि इंजिन जेवतं. ह्या वाटेत कुठंही अडलं की गाडी उपाशी मरते.

उपाशी मरणाऱ्या गाडीची तऱ्हा वेगळी. करंट गेला तर गाडी दिवा विझल्यासारखी एकदम बसते. उपाशी गाडी आधी कुरकुरते, ॲक्सिलेटर पिळला तरी ओढत नाही, दोन-चार आचके देते आणि मग बसते. प्लग काढला तर कोरडा आणि पांढरा. हे एवढं सोपं आहे. पण गिऱ्हाईक शेडमध्ये पाय ठेवायच्या आधी रोडवरूनच ओरडतं, "मिस्त्री, प्लग गेला!" सगळ्या रोगांना प्लग. मी म्हणतो, तुला एवढं कळतंय तर माझ्याकडं कशाला आलास, माझा चेहरा बघायला?

उदगीरचा एक अडत्या होता. गावाकडं पेट्रोल मिळत नाही म्हणून डब्यात भरून न्यायचा. डबा काकवीचा. तो न धुताच. कार्बोरेटर उघडला तर जेट असं चिकटलेलं की हातात धरून चाटावं वाटलं. मी चिडलो तर म्हणतो कसा, "गोडच हाय की मिस्त्री, काय वाईट घातलंय काय?" दुसरे एक गुरुजी. किनवटकडनं बदली होऊन आलेले. रात्री कॉक बंद करायचे, सकाळी उघडायला विसरायचे. वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालायची आणि वेशीजवळ बसायची. मग फोन. मी म्हणायचो, "गुरुजी, कॉक." ते म्हणायचे, "बघितला हो." मग फोनातूनच गाडी सुरू झाल्याचा आवाज यायचा, आणि फोन कट. थँक्यूचा पत्ता नाही. अशी माणसं मी चाळीस वर्षं पोसली, का त्यांनी मला पोसलं, कुणाला ठाऊक.

पण लिहायचं आहे ते दिगूच्या गाडीचं.

दिगंबर, म्हणजे दिगू, पिंपळवाडीचा. तिशीचा पोरगा. धंदा जनावरांना रेतन करायचा. म्हैस माजावर आली की तिच्यासाठी रेडा शोधत फिरायचे दिवस गेले. आता दिगू येतो, पाठीमागं नायट्रोजनचा डबा बांधून. डबा उघडला की पांढरा धूर निघतो, त्यात वळू-रेड्यांचं बी नळ्यांमध्ये गोठवून ठेवलेलं. गावातली पोरं त्याला सुईवाला डाक्टर म्हणायची, म्हातारे वेगळंच म्हणायचे, ते मी धुऊन टाकलं. ह्या कामात वेळ म्हणजे सगळं. माज फार तर दिवसभराचा. दिगू उशिरा पोचला तर म्हैस त्याची वाट बघत नाही, पुढचा माज तीन आठवड्यांनी, आणि मालक ते तीन आठवडे शिव्या देतो.

गाडी सासऱ्यानं लग्नात दिलेली. शंभर सीसीची, जुनी, पण सासऱ्यानं जपून वापरलेली. नवी द्यायची ऐपत नव्हती म्हणून आपल्या बुडाखालची दिली, एवढंच. दिगूची आई कौसाबाई मात्र येता-जाता सुनेला ऐकवायची, "बापानं घरातली अडगळ लेकीसंगं धाडली." सून रुक्मिण. बोलायची नाही, पण गाडीला जीव लावायची. रोज सकाळी आंघोळ करून ओलं हळद-कुंकू टाकीच्या झाकणाला लावायची, वर अक्षता चिकटवायची, मगच दिगू किक मारायचा.

त्या वर्षी उन्हाळ्यात ही गाडी बंद पडायला लागली. आणि बंद पडायची ती एकाच जागी. पिंपळवाडीतनं निघाली की चांगली पळायची, मग ओढ्यावरचा पूल आला की आचके. पुलाच्या तोंडाशी आप्पाची चहाची टपरी. टपरीवर कायम चार रिकामी माणसं. दिगूची गाडी बसली की ती चौघं उठायची, कारण त्यांना दिवसभरात तेवढंच काम. एकजण झाकण उघडून बघायचा, "पेट्रोल तर हाय." झाकण परत लावायचा. दुसरा म्हणायचा, "प्लग गेला." तिसरा म्हणायचा, "ह्या पुलावर मागं कुणीतरी गेलं होतं म्हणतेत." मग आप्पा टपरीतला नारळ काढायचा, एका दगडावर फोडायचा, दिगू किक मारायचा, आणि गाडी सुरू!

दोन-तीन वेळा असं झालं आणि तो दगड शेंदरी झाला. मग त्याला नाव मिळालं, गाडीआडवा म्हसोबा. मग येणाऱ्या-जाणाऱ्या चांगल्या गाड्याही तिथं थांबायला लागल्या, न थांबल्या तर पुढं काही होईल म्हणून. आप्पानं नारळाचं पोतंच आणून ठेवलं. लांबच्या गावाला जायचं असलं की दिगूची गाडी पुढं आणखी एकदा बसायची, माळावर, पण तिथं टपरी नव्हती म्हणून देवही नव्हता.

दिगू माझ्याकडं आला. मी त्याच्याकडं बघून हसलो. "काय रे, म्हसोबानं धाडलं व्हय?"

"मामा, चेष्टा नका करू. डेअरीचे चेअरमन म्हणून राहिले, आणखी एक फोन चुकला तर सगळी गावं दुसऱ्याला देतो. त्याच्याकडं नवी स्कूटर हाय."

मी कार्बोरेटर उतरवला. जेट काढून हवा मारली, फ्लोट बघितला, वाटी धुतली. झाकण काढून टाकीत टॉर्च मारली, थोडा गंज होता, तोही धुतला. कॉकाची जाळी साफ केली. नळी काढून कॉक उघडला तर शेळीच्या धारेसारखी धार. स्वतः गाडी घेऊन एसटी स्टँडला एक चक्कर मारून आलो. गाडी अशी पळाली की सासऱ्याचा आत्मा शांत व्हावा, तो जिवंत होता तरी. मी म्हणलो, "जा. आता बसली तर माझं नाव मारोती न्हाई."

दुसऱ्या दिवशी पुलावर बसली. आप्पानं नारळ फोडला. मला फोन आला तो आप्पाचाच. "मिस्त्री, आता तुमाला काय नावानं हाक मारायची?"

मग मी कॉक नवा घातला. पुन्हा पुलावर. फ्लोटची सुई बदलली. पुन्हा पुलावर. नळी बदलली. पुलावर. दिगूनं घाबरून काय करावं, तर प्रत्येक वेळी टाकी फुल्ल करून निघायला लागला. तर गाडी पुलाच्याही अलीकडं बसायला लागली! म्हसोबाची हद्द वाढली म्हणून आप्पा खूश. दिगू नांदेडला एका मोठ्या गॅरेजात गेला. तिथं त्यांनी गाडी दोन दिवस ठेवून घेतली, अख्खा कार्बोरेटर नवा बसवला, वर सीट धुऊन दिली. सीट खरंच छान निघाली होती. गाडी पुलावर बसली.

मला त्या दिवसांत जेवण गोड लागेना. तुम्हाला वाटेल एका गाडीपायी एवढं काय. माणसाला एकच गोष्ट येत असली आणि तीच येईनाशी झाली की मग राहतं काय? मी दिगूला म्हणलो, "उद्या मी तुझ्या घरी येतो. घरापासनं तुझ्यामागं बसतो. गाडी जिथं मरंल तिथं मी असणार."

सकाळी एसटीनं पिंपळवाडीला गेलो. कौसाबाई ओट्यावर बसली होती. मला बघून म्हणाली, "आलात का भाऊ? तुमी, नांदेडवाले, म्हसोबा, सगळे झाले. आता गाडीवालीच्या बापालाच बोलवा, त्याचीच पनवती हाय ती." रुक्मिण दारात ताट घेऊन उभी होती. तिनं ऐकलं, मान खाली घातली आणि झाकणाला नेहमीपेक्षा जास्तच हळद-कुंकू लावलं. जाड थर. वर अक्षता. मीही चपला काढून हात जोडले. खोटं कशाला सांगू, त्या वेळेला मीही जरा घाबरलोच होतो.

तेवढ्यात दिगूचा फोन वाजला. चेअरमनचा आवाज बाहेर मला ऐकू येत होता. "दिगू, जाफराबादी म्हैस माजावर आली. रातीपासनं वरडून राहिली. लगेच ये. ह्या खेपेला उशीर झाला तर पुन्हा माझ्या दारात येऊ नको."

दिगूचं तोंड पांढरं झालं, त्याच्या डब्यातल्या धुरासारखं. मी म्हणलो, "चल." डबा दोघांच्या मधे धरून मी मागं बसलो. टाकी अर्थातच फुल्ल.

पुलाच्या अलीकडं गाडी कुरकुरली. ओढेना. आचके द्यायला लागली. मी मागून ओरडलो, "रेटत नेऊ नको. थांबव." थांबली. टपरीवरचे चौघं उठले. आप्पा नारळ घेऊन निघालाच होता.

"कुणी हात लावायचा न्हाई!" मी म्हणलो. "आप्पा, नारळ ठेव. आधी मी बघतो."

"मिस्त्री, देवाच्या कामात आडवं येऊन राहिलात."

"देवाला म्हणावं चहा पी तोपर्यंत. आणि बिड्या विझवा, पेट्रोल सांडायचंय, पेटलात तर देव येणार न्हाई विझवायला." बिडीचं नाव काढल्यावर चौघंही लांब गेले, आप्पाही. जीव सगळ्यांना प्यारा असतो, भक्तांना जरा जास्तच.

मी खाली बसलो. कार्बोरेटरची नळी ओढून काढली, कॉक उघडाच होता. टाकी काठोकाठ भरलेली. आणि नळीतनं काय यावं? थेंब. मग थोडं थांबून आणखी एक थेंब. मग तोही बंद. वर एवढं पेट्रोल, खाली कोरडं. मी दिगूला म्हणलो, "झाकण उघड." त्यानं किल्ली फिरवली, झाकण सैल केलं, आणि टाकीनं असा श्वास ओढला, फुस्स करून, जसा बुडणारा माणूस वर येऊन ओढतो. त्याच क्षणाला नळीतनं धार सुटली ती सरळ माझ्या धोतरावर.

मी तसाच भिजत बसून राहिलो. सगळं एकदम दिसलं.

टाकीतलं पेट्रोल खाली उतरायचं तर त्याच्या जागी वरून हवा यावी लागते. तेल्याकडं डब्याला एकच भोक पाडून तेल ओतून बघा, गटगट अडतं की नाही. म्हणून टाकीच्या झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक ठेवलेलं असतं, किल्लीच्या भोकाशेजारी. ते बुजलं की टाकी आपल्याच पेट्रोलला धरून ठेवते. थोडा वेळ गाडी चालते, मग टाकीत पोकळी तयार होते आणि थेंब थांबतो. टाकी जेवढी भरलेली तेवढी आत हवा कमी, तेवढी लवकर अडते. आणि मी? मी, नांदेडवाले, टपरीवरचे, सगळे पहिलं काय करत होतो? झाकण उघडत होतो! पेट्रोल आहे का बघायला झाकण, टाकी धुवायला झाकण, धार बघायला झाकण. आमच्या धंद्याची सवयच ती. झाकण उघडलं की रोग पळाला, आणि आम्ही रोगी तपासत बसलो. टपरीवरही झाकण आधी उघडायचं, नारळ नंतर फुटायचा, आणि मान नारळाला.

कॉक बंद केला आणि झाकण हातात घेतलं. भोक कुठं दिसतंय? वर हळद, कुंकू, तांदूळ, तेलकट हात, महिन्यांचे थर, सिमेंट झालेलं. हे झाकण किती वेळा माझ्या हातात आलं होतं. शेडमध्ये गाडी उघडली की मी ते मारुतीच्या फोटोखाली नेऊन ठेवायचो, जपून, पुसायचं नाही म्हणून. नांदेडवाल्यांनी सीट धुतली पण झाकणाला फडकं लावलं नाही. सवाष्णीनं लावलेलं कुंकू आपल्याकडं कुणी पुसत नाही. तो शब्दच तोंडातनं काढत नाहीत. ऑइलनं काळे झालेले आम्ही मिस्त्रीसुद्धा.

बाजूच्या बाभळीचा एक काटा मोडला आणि भोक मोकळं केलं. दिगू बघत होता. आधी त्याच्या लक्षात आलं नाही, मग आलं, आणि तो मटकन खाली बसला.

"मामा, हे घरी सांगू नका. आई तिला घरात ठेवायची न्हाई. आधीच बापाची गाडी म्हणून रोज ऐकवती. त्यात हिच्याच कुंकवानं गाडी बंद पडत होती म्हणलं तर..." आपल्या माणसाच्या नावानं लावलेलं कुंकूच त्याच्या आडवं आलं, हे गावात पसरलं असतं तर तिला पुढं तोंड दाखवायला जागा राहिली नसती. टपरीवर चौघं होतेच, पसरवायला.

"ऊठ," मी म्हणलो. "म्हैस वाट बघून राहिली."

नळी जोडली, कॉक उघडला, झाकण लावलं, किक मारली, निघालो. आप्पा मागून ओरडला, "नारळाचं काय?" मी म्हणलो, "तूच खा." पूल गेला. पुढचा माळ गेला. गाडी कुठं अडखळली नाही. दिगू चालवता-चालवता रडत होता का हसत होता, मागून कळत नव्हतं, पण गाडी वाकडी-तिकडी चालवत होता हे नक्की.

चेअरमनच्या वाड्यात जाफराबादी दावं तोडायच्या बेतात होती. दिगूनं आपलं काम केलं, आणि त्या कामात तो उत्तम आहे हे मी पहिल्यांदाच बघितलं. हात हलका, म्हैस शांत. चेअरमन खाटेवर बसून मिशांना पीळ देत होते. अंगणात दहा-पंधरा माणसं जमलेली, रेतन बघायला कोण कशाला जमतं हे एक कोडंच आहे. आमच्यामागून सायकलवर आप्पाही येऊन उभा राहिला होता. नारळ खपला नाही म्हणून कारण शोधायला आला असणार.

चेअरमन म्हणाले, "आज आलास. उद्याचं काय? काय बिघाड होता ते कळू द्या, मगच मी इसवास ठेवतो. लोक म्हणतेत, बायकोच्या माहेरची गाडीच अपशकुनी हाय. खरं काय ते मिस्त्री, तुमी सांगा."

सगळी माझ्याकडं बघायला लागली. चाळीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला खोटा बिघाड कधी सांगितला नाही. बरेच मिस्त्री सांगतात. दोन रुपयाचा वॉशर बदलून इंजिन उतरवल्याचं सांगतात. मी सांगत नाही, आणि हे मी रस्त्यावर ओरडून सांगतो, त्यामुळं दुसरे मिस्त्री मला पाण्यात बघतात. दिगू खाली मान घालून डब्याचं झाकण उगाचच घट्ट करत होता.

मी म्हणलो, "बिघाड गाडीचा नव्हता. गाडी चांगली हाय. सासऱ्यानं चांगली ठेवलेली हाय. कॉकाची जाळी मीच वाकडी बसवली होती. पहिल्या दिवशीच. नंतर तेच पुन्हा पुन्हा. आज सापडलं."

आधी आप्पा हसला. मग सगळे हसले. चेअरमन म्हणाले, "मिस्त्री, तुमच्याकडून? ह्या वयात?"

"वय झालं चेअरमनसाब. डोळ्याला कमी दिसतंय."

दिगूची गावं त्याच्याकडंच राहिली. संध्याकाळी पिंपळवाडीला परत आलो तर आमच्या आधी बातमी पोचलेली. कौसाबाईनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "म्हंजी गाडी चांगलीच होती तर! तुमीच घाण केली." एवढं म्हणून ती आत गेली, आणि आतून तिचा आवाज आला, सुनेला, "चहा टाक गं, पावण्याला. चूक कबूल केली बिचाऱ्यानं." मला बिचारा म्हणलेलं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. शेवटची एसटी गेली होती, त्यामुळं तो चहा पिऊन त्यांच्याच ओट्यावर आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई धार काढायला गोठ्यात गेली होती. रुक्मिण ताट घेऊन अंगणात आली. मी उठून गाडीजवळ जाऊन उभा राहिलो. तिनं बोट ओलं केलं, झाकणाकडं नेलं आणि थांबली.

"मामा, हे मधी खरवडल्यावानी दिसून राहिलं."

मी उगाच सीट पुसायला लागलो.

"जाळी तर खाली असती ना? मग तुमी वर काय केलं?"

आता हिच्याशी खोटं बोललो असतो तर उद्या पुन्हा थर चढला असता आणि परवा पुन्हा पूल. शिवाय गाडीची मालकीण तीच होती, माझ्या हिशेबानं. मी सांगितलं. टाकी, हवा, भोक, सगळं. ती ऐकत राहिली.

"म्हंजी माझ्यानंच."

"हाव."

"आन् तुमी काल सगळ्यांम्होरं..."

"माझं काय जातंय? माझ्यावर एक खोट खपून जाईल. मला कुठं सासू हाय."

तिला हसू आलं, पण डोळ्याला पाणीही होतं. मग तिनं किल्ली फिरवून झाकण उतरवलं, बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली, भोकात घातली, गोल फिरवली आणि उन्हाकडं धरून बघितलं. पलीकडचा उजेड दिसल्यावरच झाकण परत लावलं.

"रोज मीच बघीन," ती म्हणाली. "आता कुंकू कुठं लावू?"

"दिव्याला. कपाळ तिथं असतंय. टाकी म्हंजी पोट."

तिनं हेडलाइटच्या वर बोट टेकवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पर मामा, तुमी एवढे मिस्त्री. झाकण इतक्यांदा हातात घेऊन बसला. दिसलं न्हाई व्हय तुमाला?"

मी चपला घातल्या. दिगूनं येऊन किक मारली, मी मागं बसलो. गाडी पुलावर न अडता पोचली, तरी मी दिगूला थांबायला सांगितलं. टपरीवर चौघं होतेच. मी बाकड्यावर जाऊन बसलो आणि चहा मागितला.

आप्पा चहा गाळत म्हणाला, "काय मिस्त्री, आज जाळी सरळ हाय का?"

चौघं खिदळले. दिगू काहीतरी बोलायला लागला, मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सरळ हाय," मी म्हणलो. "साखर जरा जास्ती टाक."